किरणांचे मोजमाप करणारे डॉ. ग्रे

कॅन्सरसाठी किरणोपचार घेणाऱ्या रुग्णाच्या फाइलमध्ये ‘ग्रे’ हा शब्द हमखास दिसतो. बहुतेकदा रोज २ ग्रे, असे काही आठवडे. हा शब्द म्हणजे करडा रंग नव्हे. ते लुईस हॅरॉल्ड ग्रे या ब्रिटिश शास्त्रज्ञाचे आडनाव आहे.

ग्रे १९०५ साली लंडनमध्ये जन्मले. शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिजला गेले आणि रुदरफर्ड यांच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत गॅमा किरणांचा अभ्यास करू लागले. तिथेच राहिले असते तर उत्तम भौतिकशास्त्रज्ञ म्हणून नाव झाले असते. पण १९३३ मध्ये ते लंडनजवळच्या माउंट व्हर्नन या कॅन्सर रुग्णालयात रुजू झाले.

तिथली अडचण मोठी होती. क्ष-किरण हवेत किती विद्युतभार निर्माण करतात, एवढेच तेव्हा मोजले जाई. पण रुग्णाचे शरीर म्हणजे हवा नव्हे! गाठीत प्रत्यक्ष किती ऊर्जा मुरली, हे कळणार कसे? मात्रा कमी पडली तर गाठ उरते, जास्त झाली तर निरोगी भाग जळतो. बरे, थर्मामीटरही कामाचा नाही. जीव घेऊ शकणाऱ्या ४ ग्रे मात्रेने शरीराचे तापमान जेमतेम एक सहस्रांश अंशाने वाढते. घोटभर गरम चहातून याहून जास्त उष्णता मिळते.

ग्रे यांनी वाट काढली. घन पदार्थात वायूची इवलीशी पोकळी ठेवायची, तिच्यातला विद्युतभार मोजायचा आणि त्यावरून भोवतालच्या पदार्थाने शोषलेली ऊर्जा काढायची. विल्यम ब्रॅग यांना ही कल्पना आधी सुचली होती. ग्रे यांनी ती स्वतंत्रपणे पक्की केली.

पुढे ते चक्क शेंगांच्या रोपांच्या मुळांवर किरण सोडू लागले. ऑक्सिजन कमी असलेल्या पेशी किरणांना दाद देत नाहीत, तेवढ्याच परिणामासाठी दोन ते तीन पट मात्रा लागते. गाठीच्या आतल्या भागात ऑक्सिजन कमीच पोहोचतो, म्हणून काही गाठी चिवट ठरतात, हे त्यांनी व सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये मांडले. १९६५ मध्ये, साठीही पूर्ण होण्याआधी, ते गेले. एक किलो पदार्थात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की एक ग्रे, हे एकक १९७५ मध्ये ठरले.

आता हे एकक रुग्णालयाबाहेरही चालते. लासलगावच्या केंद्रात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून ६० ते ९० ग्रे पुरतात. सिरिंज निर्जंतुक करायला साधारण २५,००० ग्रे लागतात. एवढ्या मात्रेपुढे रुग्णालयातली नाजूक उपकरणे उपयोगी नाहीत. तिथे किरण लागताच रंग बदलणाऱ्या फिती वापरतात. धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू यांच्या जाळीदार स्फटिकांवरही संशोधन सुरू आहे. असे काही स्फटिक मोठी मात्रा मिळाली की रंग किंवा चमक बदलतात, आणि त्या बदलावरून किती ग्रे शोषले गेले ते काढता येते.