राजाच्या उंटाचं प्यादं

बँकेत ताळेबंद जुळवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला, दिवसा हिशेब तपासणारा आणि संध्याकाळी पटावर सगळं उधळून देणारा कोणी भेटला, की हेवा वाटतो. हेन्री बर्ड हा असाच एक गृहस्थ. इंग्लंडात पोर्टसी इथं 1829 साली जन्मला, लंडनमध्ये हिशेबनीस म्हणून नाव काढलं, ब्रिटिश रेल्वे कंपन्यांच्या जमाखर्चावर लिहिलं. पण आज त्याचं नाव टिकून आहे ते एका प्याद्यामुळे.

बुद्धिबळाचा नाद तरुणपणीचा. स्ट्रँडवरच्या सिम्प्सन्स दिवाणमध्ये तेव्हा कॉफी, चिरूट आणि बुद्धिबळ असा तिहेरी बेत असायचा. 1851 मध्ये लंडनला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली, तिथं बर्डला बोलावणं आलं. वय एकवीस-बावीस. पहिल्याच फेरीत हॉर्विट्झनं त्याला बाहेर काढलं. 1858 मध्ये अमेरिकेचा पॉल मॉर्फी लंडनला आला. त्यानं बर्डला धुऊन काढलंच, वर त्यातला एक डाव इतका अप्रतिम जिंकला की तो अजूनही पुस्तकांत छापला जातो. दुसऱ्याच्या कलाकृतीत हरणारा म्हणून अमर होणं हेही एक नशीबच! मात्र हा खेळाडू कच्चा नव्हता. 1866 मध्ये अँडरसनला नुकतंच हरवून आलेल्या स्टाइनिट्झला त्यानं चांगलंच झुंजवलं. स्टाइनिट्झचे सात डाव, बर्डचे पाच, पाच बरोबरीत.

त्यानंतर सुमारे सहा वर्षं तो बुद्धिबळापासून दूर होता. 1873 मध्ये जॉन विस्करशी सामना खेळायला बसला, तेव्हा पंचाईत झाली. पूर्वी तोंडपाठ असलेल्या सुरुवाती आठवेनात. दुसरा कोणी घरी जाऊन पुस्तकं काढून बसला असता. बर्डनं राजाच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं. ही चाल त्यानं पूर्वीही खेळली होती, इतरांनीही खेळली होती; पण आता ती त्याला आवडून गेली. नेहमीच्या मळलेल्या वाटेवरून डाव बाहेर पडतो, आणि मग समोरच्यालाही पाठांतर सोडून विचार करावा लागतो, हे त्याच्या लक्षात आलं. जगानं पुढे तिला बर्ड ओपनिंग असं नाव दिलं.

आता या चालीत वाईट काय, तेही सांगायला हवं. ती एकाही मोहऱ्याला वाट करून देत नाही. उलट राजाशेजारचं दार उघडं टाकते. मिळतं ते एवढंच, की मधल्या एका मोक्याच्या घरावर आपला डोळा राहतो. मग घोडा बाहेर काढायचा, दुसऱ्या बाजूच्या उंटाला लांब कर्णावर बसवायचं, किल्लेकोट करायचा आणि हत्तीच्या जोरावर राजाच्या बाजूनं चाल करून जायचं. क्लबात शनिवार-रविवारी खेळणाऱ्याला, ज्याला वीस-वीस चाली पाठ करायला ना वेळ ना स्मरणशक्ती, त्याला एवढं भांडवल पुरतं.

पण फ्रॉमच्या डावपेचाची धास्ती बाळगावी. मार्टिन फ्रॉम हा डेन्मार्कचा. काळा लगेच राजापुढचं प्यादं पुढे करून ते फुकट देतो. आपण ते मारतो, तो वजिरापुढचं पुढे करतो, आपण तेही मारतो, आणि त्याचा उंट ते परत मारून थेट आपल्या राजाच्या अंगणावर नजर लावून बसतो. इथं राजाच्या बाजूचा घोडा काढायचा असतो. निवृत्तीनंतर ही सुरुवात शिकायला लागलो तेव्हा मी काढला दुसरा. समोर नववीतला एक मुलगा होता. वजिरानं शह, मी मध्ये घातलेलं घोड्यापुढचं प्यादं वजिरानंच मारून पुन्हा शह, फुकटचा वजीर मिळाला म्हणून मी तो हत्तीच्या प्याद्यानं मारला, आणि उंटानं मात. सहावी चाल! मुलानं नम्रपणे विचारलं, काका, अजून एक खेळायचा का?

बर्डही असे पुष्कळ हरला. मोठी स्पर्धा त्याला कधी जिंकता आली नाही. शेवटच्या चालीपर्यंत सावधपणे खेळला असता तर चार बक्षिसं जास्त मिळाली असती, असं माझ्यातल्या अधिकाऱ्याला वाटतं. पण 1876 मध्ये न्यूयॉर्कला जेम्स मेसनविरुद्ध तो जो डाव जिंकला, त्याला सौंदर्यासाठीचं बक्षीस मिळालं, आणि असं बक्षीस जगात पहिल्यांदाच दिलं गेलं. आठ घरांचा पटही त्याला अपुरा वाटायचा. 1874 मध्ये त्यानं दहा घरांच्या रुंदीचा पट सुचवला आणि दोन नवे मोहरे घडवले. एक हत्ती आणि घोडा मिळून, दुसरा उंट आणि घोडा मिळून. पुढे कापाब्लांकानं ही कल्पना उचलली. 1893 च्या आपल्या पुस्तकात त्यानं या खेळाचा इतिहास लिहिताना मूळ आपल्याकडचं चतुरंग मानलं, याचं मला उगीचच बरं वाटतं.

संधिवातानं पाय धरले तरी पट सुटला नाही. 1895 मध्ये हेस्टिंग्जला बावीस खेळाडूंच्या गाजलेल्या स्पर्धेत, पासष्टीच्या घरात, तो उतरला. बरोबरीत पंधरावा आला. त्याच्या खाली सहा जण होते. 1899 मध्ये लंडनला आणखी एक मोठी स्पर्धा खेळला, 1908 च्या एप्रिलमध्ये गेला.

पुढे विसाव्या शतकात बेंट लार्सननं जगातल्या अव्वल खेळाडूंसमोर हे प्यादं सरकवून दाखवलं. तोही डेन्मार्कचाच, फ्रॉमच्या देशाचा! आणि मी? त्या मुलाशी दर रविवारी खेळतो. राजाच्या बाजूचा घोडा आता विसरत नाही. तरीही तो हरवतो, पण तिसाव्या चालीनंतर.