तीनदा हरलेला माणूस

बँकेच्या कर्ज विभागात अनेक वर्षे काढल्यावर एक गोष्ट मला पक्की उमगली. मालाचे भाव पडले की तेच कर्ज फेडणाऱ्याला दुप्पट जड होते. विल्यम जेनिंग्ज ब्रायन या अमेरिकन पुढाऱ्याचे राजकारण याच दुखण्यातून उभे राहिले.

ब्रायन १८६० साली इलिनॉय राज्यातल्या सेलम गावी जन्मले. वकिलीसाठी १८८७ मध्ये ते नेब्रास्कात गेले. तिथले शेतकरी कर्जात रुतलेले होते. चलन सोन्याशी जखडलेले, धान्याचे भाव घसरत चाललेले आणि मालवाहतुकीचे दर रेल्वे कंपन्यांच्या मर्जीवर. शेतकऱ्याच्या हाती मत होते, पण सिनेटर निवडायची विधिमंडळे, आणि तिथे वजन पैशाचे. मत देऊनही घरची चूल तशीच, हा त्याचा संताप होता.

१८९६ साली शिकागोच्या अधिवेशनात ब्रायन यांनी त्या संतापाला वाचा फोडली. सोन्याबरोबर चांदीचीही नाणी मुक्तपणे पाडा, ही त्यांची मागणी. वयाच्या ३६ व्या वर्षी ते डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार झाले आणि प्रचारासाठी सुमारे १८ हजार मैल हिंडले. प्रतिस्पर्धी मॅकिन्ली मात्र घराच्या ओसरीवरूनच भाषणे करीत. त्यांच्यासाठी मार्क हॅना यांनी बँका आणि कारखानदारांकडून सुमारे ३५ लाख डॉलर उभे केले. ब्रायन हरले. १९०० आणि १९०८ सालीही हरले.

चांदीचे औषध मला स्वतःला पटत नाही. ठेवीदाराच्या पैशाची किंमत त्याने घटली असती. पण रोगाचे निदान खरे होते. प्राप्तिकर आणि सिनेटरांची थेट जनतेकडून निवड या दोन्ही गोष्टींचा त्यांनी वर्षानुवर्षे आग्रह धरला. १९१३ साली दोन्ही घटनेत आल्या. सिनेटविषयीची दुरुस्ती अमलात आल्याची घोषणा परराष्ट्रमंत्री या नात्याने ब्रायन यांनीच केली. हिंदुस्थानचा दौरा केल्यावर १९०६ साली त्यांनी इंग्रजी राजवटीवर लिहिलेली कडक टीकाही राज्यकर्त्यांना झोंबली होती.

त्यांच्या खात्यात नावेची बाजूही मोठी आहे. दक्षिणेत कृष्णवर्णीयांचे मत हिरावले जात असताना त्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला नाही. आयुष्याच्या अखेरीस ते उत्क्रांतिवाद शिकवण्याविरुद्ध कोर्टात उभे राहिले आणि तो खटला संपल्यावर पाचच दिवसांनी, जुलै १९२५ मध्ये, वारले.

तरीही कर्जाखाली वाकलेल्या मतदाराला मत्सरी म्हणून न हिणवता त्याचा हिशेब त्यांनी भर सभेत मांडला. असा हिशेब ऐकणारा कुणी नसला की मतदार मतपेटीकडेच पाठ फिरवतो, आणि ते नुकसान कोणत्याच पक्षाला भरून काढता येत नाही.