पाश्चर यांचे कुत्रे आणि लसीची कसोटी

लुई पाश्चर म्हटले की दुधाचे पाश्चरायझेशन आठवते, नाहीतर रेबीजची लस. ती लस माणसाच्या आधी कुत्र्यांना टोचली गेली होती, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. कुत्र्याला लस लागू पडली की नाही हे कसे ओळखायचे, या प्रश्नाने पाश्चर यांची कित्येक वर्षे घेतली.

27 डिसेंबर 1822 रोजी फ्रान्समधील डोल या गावी, कातडी कमावणाऱ्याच्या घरात त्यांचा जन्म झाला. बालपण आर्ब्वा गावात गेले. 1831 मध्ये, ते आठ वर्षांचे असताना, त्या भागात एका पिसाळलेल्या लांडग्याने अनेकांना चावे घेतले. लोहाराकडे नेऊन तापलेल्या लोखंडाने जखम डागणे, एवढाच उपाय त्या काळी लोकांच्या हाती होता.

पुढे पाश्चर झाले रसायनशास्त्रज्ञ. वैद्यकीची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. 1868 मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची डावी बाजू कायमची अधू झाली. रेबीजवरचे काम त्यांनी त्यानंतर, 1880 च्या अखेरीस, अठ्ठावन्नाव्या वर्षी हाती घेतले. या रोगाचे कारण असलेला विषाणू त्या काळच्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नव्हता आणि बाटलीत वाढत नव्हता. म्हणून तो जिवंत प्राण्याच्या मेंदूतच वाढवला गेला. सहकारी एमिल रू यांनी कवटीला छिद्र पाडून मेंदूच्या आवरणाखाली टोचण्याची पद्धत बसवली. त्यामुळे एरवी कित्येक आठवडे घेणारा रोग सुमारे दोन आठवड्यांत प्रकट होऊ लागला. पुढे रोगी सशांच्या मज्जारज्जूचे तुकडे कोरड्या हवेच्या बाटलीत टांगून ठेवले गेले. जसजसे दिवस जात, तसतसा त्यांचा जोर कमी होई. आधी जुना, क्षीण तुकडा आणि मग क्रमाने ताजा, अशी टोचणी कुत्र्यांना दिली जाई.

कुत्रा सुरक्षित झाला, हे सिद्ध कसे करायचे? आज आपण रक्त तपासू. पण लसीने रक्तात संरक्षक द्रव्ये तयार होतात, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. बेरिंग आणि कितासातो यांनी धनुर्वात व घटसर्पाच्या बाबतीत ते दाखवले 1890 मध्ये. पाश्चर यांच्यापुढे एकच मार्ग होता : लस दिलेल्या कुत्र्याला खराखुरा रोग देऊन पाहायचे. 1884 मध्ये सरकारने नेमलेल्या समितीसमोर, लस देण्याच्या आधीच्या एका पद्धतीची अशी परीक्षा झाली. लस दिलेले 23 कुत्रे होते आणि न दिलेले 19. काहींना पिसाळलेल्या कुत्र्यांकडून चाववले गेले, काहींच्या शिरेत तर काहींच्या कवटीखाली विषाणू टोचला गेला. लस न दिलेल्यांपैकी बहुसंख्य पिसाळले. लस दिलेल्यांपैकी एकालाही रेबीज झाला नाही.

6 जुलै 1885 रोजी अल्सासमधून आलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस सुरू झाली. पाश्चर यांना टोचण्याचा अधिकार नसल्याने डॉक्टर ग्रांशे यांनी इंजेक्शने दिली, एकूण तेरा. मुलगा जगला. मात्र पाश्चर यांच्या वह्या अभ्यासणारे इतिहासकार जेराल्ड गायसन यांनी 1995 मध्ये दाखवून दिले, की माइस्टरला ज्या पद्धतीने लस दिली, तिची कुत्र्यांवरची चाचणी तेव्हा अपुरी होती. पाश्चर थोर होतेच. पण पुरावा पुरा होण्याआधी पुढे जाण्याचा मोह थोरांनाही होतो.

ही परंपरा आपल्या दारापर्यंत आली आहे. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले हाफकिन 1893 मध्ये भारतात आले. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने मागच्या पिढीला आठवत असतील. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे. आता ती इतिहासजमा झाली आहे.

कुत्र्याची परीक्षाही आता सौम्य झाली आहे. पशुवैद्य पुढच्या किंवा मागच्या पायाच्या, नाहीतर मानेच्या शिरेतून थोडे रक्त साध्या नळीत घेतात. ते गोठू देतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि वरचे सीरम वेगळे करून थंड ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात. रक्त घेताना पेशी फुटून सीरम लाल झाले, तर नमुना वाया जाऊ शकतो. प्रयोगशाळेत सीरम ठरावीक विषाणूत मिसळून पेशींवर सोडतात आणि विषाणू किती निष्प्रभ झाला ते पाहतात. मिलिलिटरमागे 0.5 आंतरराष्ट्रीय एकक किंवा अधिक प्रतिपिंडे आढळली, तर लस लागू पडली असे मानतात. भारतातून युरोपीय संघात कुत्रा नेताना ही तपासणी लागते. लशीनंतर किमान 30 दिवसांनी नमुना घ्यायचा आणि त्यानंतर तीन महिने थांबायचे, असा नियम आहे.

सरकारी रुग्णालयात चावा घेऊन आलेल्यांसाठी यातून एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ही तपासणी प्रवासाच्या परवानगीसाठी आहे, माणसावरचा उपचार लांबवण्यासाठी नव्हे. कुत्र्याला लस दिली आहे म्हणून, किंवा त्याचा अहवाल यायचा आहे म्हणून, थांबू नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवा, हळद, चुना, मिरची काही लावू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागते. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र वैद्यकाच्या हाती जवळपास काहीच उरत नाही.

28 सप्टेंबर 1895 रोजी पॅरिसजवळच्या व्हिलनव्ह लेतां येथे पाश्चर यांचे निधन झाले. त्यांचे प्रयोगाचे कुत्रे याच जागेत ठेवलेले असत. तो दिवस आता जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. घरच्या आणि गल्लीतल्या कुत्र्यांचे लसीकरण वेळेवर करणे, हीच त्या दिवसाची खरी आठवण.