क्रिस्टोफर स्ट्रेची

क्रिस्टोफर स्ट्रेची (१६ नोव्हेंबर, इ.स. १९१६:हॅम्पस्टेड, लंडन, इंग्लंड - १८ मे, इ.स. १९७५:ऑक्सफर्ड, इंग्लंड) हे ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ होते. प्रोग्रॅमिंग भाषांना गणिती अर्थ देणाऱ्या डिनोटेशनल सिमँटिक्स या शाखेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. त्यांच्या सहभागातून घडलेली सीपीएल ही भाषा सी भाषेची पूर्वज मानली जाते. सी भाषेतील दूरच्या उडीचे, म्हणजे एका फंक्शनमधून थेट दुसऱ्या फंक्शनमध्ये परतण्याचे, सैद्धान्तिक स्पष्टीकरणही त्यांच्या कार्यात सापडते.

== सुरुवातीचे जीवन ==
स्ट्रेची घराण्याचा भारताशी जुना संबंध होता. आजोबा रिचर्ड स्ट्रेची हे भारतातील ब्रिटिश प्रशासनात अधिकारी होते. वडील ऑलिव्हर यांनी काही काळ ईस्ट इंडियन रेल्वेत नोकरी केली व पुढे ते सांकेतिक लिपी उलगडण्याच्या कामात नावाजले. आई रे स्ट्रेची या स्त्रियांच्या मताधिकार चळवळीतील कार्यकर्त्या होत्या. चरित्रकार लिटन स्ट्रेची हे त्यांचे काका होत.

क्रिस्टोफर यांचे शिक्षण ग्रेशम्स स्कूल व केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात झाले. तेथे त्यांना मानसिक आजाराने गाठले आणि पदवी परीक्षेतील यश बेताचेच राहिले. युद्धकाळात त्यांनी एका दूरध्वनी कंपनीत काम केले. त्यानंतर ते शाळामास्तर झाले. १९४९ पासून ते हॅरो येथील शाळेत शिकवीत असत.

== संगणकाकडे ==
१९५१ च्या आरंभी स्ट्रेची यांचा नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतील पायलट एस या संगणकाशी परिचय झाला. शाळेतील नोकरी सांभाळून त्यांनी ड्राफ्ट्स हा पटावरील खेळ खेळणारी आज्ञावली लिहिली. परंतु ती त्या यंत्राच्या स्मृतीत मावेना. मग ॲलन ट्युरिंग यांनी लिहिलेल्या माहितीपुस्तिकेच्या आधारे त्यांनी ती मँचेस्टरच्या फेरांटी मार्क १ साठी नव्याने रचली. १९५२ च्या उन्हाळ्यापर्यंत ती पूर्ण डाव खेळू लागली.

त्याच वर्षी ते नॅशनल रिसर्च डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनमध्ये रुजू झाले. फेरांटी पेगासस या संगणकाच्या रचनेत त्यांचा मोठा वाटा होता. आज्ञावली लिहिणाऱ्याची सोय ही यंत्राच्या रचनेची कसोटी असावी, असा त्यांचा आग्रह होता. पेगाससमध्ये आज्ञावलीकाराला वापरता येणारे सात संचायक, म्हणजे आजच्या भाषेत रजिस्टर, होते.

== सीपीएल ते सी ==
१९६० च्या दशकात केंब्रिज व लंडन विद्यापीठांनी मिळून सीपीएल ही भाषा आखली. स्ट्रेची हे तिच्या प्रमुख रचनाकारांपैकी होते. भाषा मोठी व महत्त्वाकांक्षी होती; व्यवहारात ती रूढ झाली नाही. मार्टिन रिचर्ड्स यांनी तिला आटोपशीर करून बीसीपीएल घडवली. तिच्यापासून बेल लॅब्समध्ये केन टॉम्प्सन यांची बी आणि पुढे डेनिस रिची यांची सी या भाषा निघाल्या.

== उडीचा अर्थ ==
१९६५ मध्ये स्ट्रेची यांनी ऑक्सफर्ड येथे प्रोग्रॅमिंग रिसर्च ग्रुप स्थापन केला. १९६९ पासून तर्कशास्त्रज्ञ डेना स्कॉट यांच्याबरोबर त्यांनी भाषांच्या अर्थाची गणिती बैठक उभारली. तिच्यात आज्ञेचा अर्थ म्हणजे स्मृतीच्या एका स्थितीपासून दुसरी स्थिती देणारे फलन. उडीची आज्ञा या चौकटीत बसेना. कारण ती घेतल्यावर पुढची आज्ञा चालतच नाही.

१९७४ मध्ये स्ट्रेची व क्रिस्टोफर वॉड्सवर्थ यांनी कंटिन्युएशनच्या साहाय्याने ही अडचण सोडवली. आज्ञेच्या अर्थात तिच्यानंतर उरलेले सर्व गणन हेही एक फलन म्हणून धरावयाचे. उडी म्हणजे हातातील कंटिन्युएशन टाकून लेबलाचे कंटिन्युएशन स्वीकारणे. ही कल्पना इतर काही संशोधकांनाही स्वतंत्रपणे सुचली होती.

सी भाषेतील सेटजंप व लाँगजंप ही जोडी याच कल्पनेचे मर्यादित रूप म्हणून पाहता येते. सेटजंप हे स्टॅक पॉइंटर, परतीचा पत्ता आणि बोलावलेल्या फंक्शनने जपावयाची रजिस्टरे एका जागी नोंदवून ठेवते. लाँगजंप ती पुन्हा प्रोसेसरमध्ये भरते. स्मृती मात्र मागे जात नाही. स्ट्रेची यांच्या मांडणीतही कंटिन्युएशनला उडीच्या क्षणीची स्मृतीच मिळते. सी भाषेत यातून एक धोका उद्भवतो. सेटजंपनंतर बदललेला स्थानिक चल रजिस्टरात असल्यास उडीनंतर त्याची जुनी किंमत परत येऊ शकते. म्हणून असा चल व्होलाटाइल घोषित करावा लागतो. शिवाय सेटजंप बोलावणारे फंक्शन संपले की नोंदवलेला स्टॅक वैध राहत नाही. गणिती कंटिन्युएशनला ही मर्यादा नसते.

== मृत्यू आणि वारसा ==
सिद्धान्त व व्यवहार यांची फारकत दोहोंना घातक ठरते, असे स्ट्रेची यांचे मत होते. त्यांनी प्रकाशित मात्र थोडेच केले. १९६७ मधील कोपनहेगन येथील त्यांची व्याख्याने हस्तलिखित प्रतींतूनच प्रसृत झाली व २००० मध्ये छापली गेली. १९७१ मध्ये ऑक्सफर्डने त्यांना प्राध्यापकपद दिले. रॉबर्ट मिल्न यांच्यासह ॲडम्स पारितोषिकासाठी दीर्घ प्रबंध लिहिल्यावर ते यकृतदाहाने आजारी पडले आणि वयाच्या ५८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मिल्न यांनी तो प्रबंध विस्तारून १९७६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. ऑक्सफर्ड विद्यापीठात त्यांच्या नावाने व्याख्यानमाला भरते.