जेरी गार्सियाचं एकच हिट गाणं

जेरी गार्सियाचा जन्म १९४२ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये झाला. लहानपणी कुऱ्हाड लागून त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंअधिक तुटलं. तरी तो गिटार शिकला. १९६५ मध्ये त्याने मित्रांसोबत बँड काढला. पुढे त्याचं नाव झालं ‘ग्रेटफुल डेड’.

बावीस वर्षं त्यांचं एकही गाणं अमेरिकेतल्या पहिल्या दहा गाण्यांत आलं नाही. तिकिटं मात्र भराभर खपायची! कारण प्रत्येक कार्यक्रम वेगळा असायचा. लोक तो टेप करून मित्रांना ऐकवायचे. बँड त्यांना अडवत नसे. मग ते मित्रही तिकीट काढायचे.

१९८७ मध्ये एक गाणं नवव्या क्रमांकावर पोचलं. गर्दी इतकी वाढली, की बिनतिकीट लोक बाहेर गोंधळ घालू लागले.

१९९५ मध्ये जेरीचं निधन झालं. तीस वर्षांत सुमारे २,३०० कार्यक्रम झाले. बँड जगला तो तिकिटांवरच.