विनोबांचा उपवास : उरलेला घास कोणाचा?

एकादशी आली की आपल्या ग्रुपवर आधी साबुदाणा वड्यांचे फोटो येतात, मग अभंग. हसून सोडून देऊ. पण उपास नेमका कशासाठी, हे मुलांनी विचारलं तर काय सांगणार? म्हणून या वेळी आपल्या बडोद्यातच वाढलेल्या एका साधकाची गोष्ट.

विनायक नरहर भावे, म्हणजे आपले विनोबा. जन्म ११ सप्टेंबर १८९५, कोकणातल्या गागोदे गावी. आजोबा शंभुराव चांद्रायण व्रत करायचे. शुद्ध प्रतिपदेला एक घास, रोज एक वाढवत पौर्णिमेला पंधरा, मग तसेच कमी करत अमावास्येला काहीच नाही. पूजा चंद्र उगवल्यावर. वद्य पक्षात चंद्र रात्री उशिरा उगवणार! मग छोट्या विन्याला झोपेतून उठवून आरतीला बसवायचं आणि हातावर प्रसाद ठेवायचा. स्वतः घास मोजून खाणारा माणूस नातवाला मात्र खाऊ घालत होता. उपासाचा पहिला धडा हा.

पुढे वडिलांच्या नोकरीमुळे घर बडोद्याला आलं. आई रुक्मिणीबाईंनी देवाला लाख तांदूळ वाहायचा संकल्प केला. रोज एकेक दाणा मोजत बसायच्या. वडील शास्त्रीय वृत्तीचे. थोडे मोजून त्यांचं वजन करावं, त्या हिशेबाने बाकीचे तोलून घ्यावे, वेळ वाचेल, असं त्यांनी सुचवलं. आईने मुलाला विचारलं. मुलाने आईची बाजू घेतली. हे गणित नाही, प्रत्येक दाण्यागणिक देवाची आठवण आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. आपणही किती तास उपाशी राहिलो ते मोजतो. त्या तासांत आठवण कोणाची केली?

तरुण विनोबांनी बडोद्याच्या उन्हात अनवाणी फिरणं, गादीशिवाय झोपणं असे अनेक नियम स्वतःवर करून पाहिले. २५ मार्च १९१६ ला इंटरच्या परीक्षेला म्हणून मुंबईकडे निघाले आणि सुरतेला उतरून काशीला गेले. तिथे अन्नछत्रातलं एक वेळचं जेवण. त्याच वर्षी जूनमध्ये ते गांधीजींच्या आश्रमात पोचले. १९१८ मध्ये आई गेली. तिच्या वस्तूंमधून त्यांनी दोनच घेतल्या : तिची साडी आणि ती रोज पुजायची ती अन्नपूर्णेची मूर्ती. जिभेवर एवढा ताबा असलेल्या मुलाने अन्नपूर्णा जवळ ठेवली. याचा विचार करावा.

भूदानात वर्षानुवर्षं पायी फिरले, पोटात अल्सर, आहार अगदी बेताचा. म्हातारपणी पवनारला असताना त्यांनी उपवासदान सुरू केलं. सर्वोदयाच्या कार्यकर्त्यांनी महिन्यातून एक दिवस उपास करायचा आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे कामाला द्यायचे. स्वतःचं खाणंच इतकं थोडं, की पूर्ण दिवसाचा उपास झेपला नसता. म्हणून ते महिन्यातून दोनदा अर्ध्या दिवसाचा उपास करत. एवढा मोठा माणूस, पण अर्ध्या उपासाची लाज वाटली नाही.

नोव्हेंबर १९८२ मध्ये आजारपणात त्यांनी अन्न, पाणी, औषध सोडलं आणि १५ तारखेला देह ठेवला. ती सत्याऐंशी वर्षांच्या एका विरक्ताची अखेर होती. आपण संसारी माणसांनी त्याचं अनुकरण करायचं नाही.

आपण घ्यायचं ते उपवासदान. येत्या एकादशीला फराळाचा थाट थोडा कमी करा. वाचलेले पैसे घरात एका डब्यात टाका आणि महिन्याच्या शेवटी कोणाच्या तरी शिधावर खर्च करा. शुगर असलेले, गोळ्या चालू असलेले, गरोदर लेकीसुना यांनी उपास करू नये, फक्त डबा भरावा. पुण्य तेवढंच.

घरातल्या आजी-आजोबांना हे वाचून दाखवा. त्यांच्या लहानपणीचे उपास कसे होते, तेही विचारा.

जय गुरुदेव 🙏