विश्लेषण : देशातला सर्वोत्तम गोलंदाज, तरीही कर्णधारपद नाही… बाळू पालवणकरांची गोष्ट नेमकी काय?

भारताने पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये लॉर्ड्सवर खेळला. त्याच्या २१ वर्षे आधी भारतीयांचा एक संघ इंग्लंडला जाऊन आला होता आणि त्या संघातल्या एका डावखुऱ्या फिरकीपटूने प्रथम श्रेणी सामन्यांत ७५ बळी घेतले होते. त्याचे नाव बाळू पालवणकर. इंग्रजी धावफलकावर ते पी. बाळू असे लागत असे. ‘लगान’मधला कचरा हा फिरकीपटू बाळूंवरून सुचला असावा, असे अनेकदा म्हटले जाते. पण कचऱ्याला एका सामन्यात न्याय मिळतो आणि चित्रपट संपतो. बाळूंना त्यासाठी वीसहून अधिक वर्षे गोलंदाजी करावी लागली आणि तरीही जे मिळायला हवे होते ते पूर्ण मिळाले नाही.

बाळू क्रिकेटपर्यंत पोहोचले कसे?

पालवणकर हे आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेले. जात चांभार. बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. वडील लष्करात नोकरीला असल्याने कुटुंब पुण्यात आले. हा लष्कराचा धागा महत्त्वाचा आहे. क्रिकेट आपल्याकडे शाळा-कॉलेजांतून जेवढे पसरले, तेवढेच छावण्यांतूनही पसरले. पुणे आणि साताऱ्यात ते दिसतेच. जालन्यातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत लष्करी छावणी होती. अशा गावांत गोरे अधिकारी संध्याकाळी खेळत आणि जाळी बांधायला, रूळ फिरवायला, चेंडू आणून द्यायला आसपासच्या वस्तीतली पोरे लागत. लष्करात नोकरीला असलेल्या अस्पृश्य कुटुंबांतल्या मुलांना गावकुसाबाहेर जे कधीच दिसले नसते, ते इथे रोज डोळ्यांसमोर असे.

बाळू त्यांपैकीच एक. पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडणे आणि रूळ फिरवणे हे त्यांचे पहिले काम. पगार महिना ३ रुपये. साधारण १८९२ मध्ये ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तिथे ४ रुपये मिळू लागले. काम तेच, शिवाय अधूनमधून टेनिसच्या कोर्टावर चुन्याच्या रेषा मारणे. म्हणजे आजच्या भाषेत हा ग्राउंड्समन. क्लबातल्या एका गोऱ्या सदस्याने त्यांना सरावासाठी चेंडू टाकायला सांगितले आणि मग ते रोजचेच झाले.

पूना क्लबातला नामांकित फलंदाज म्हणजे कॅप्टन जे. जी. ग्रेग. इंग्लंडमध्ये हॅम्पशायर काउंटीकडून खेळलेला. इतर येण्याआधी तासभर येऊन तो एकटा बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करत असे आणि बाद झाला की प्रत्येक वेळी ८ आणे देत असे, असे सांगितले जाते. ४ रुपये पगाराच्या माणसाला ८ आणे म्हणजे महिन्याच्या पगाराचा आठवा भाग. एवढ्या मोबदल्यावर कोणीही टप्पा आणि दिशा घोटून घेईल! बाळूंनी ती तासन् तास घोटली. मात्र या सगळ्या काळात पूना क्लबात त्यांच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. फलंदाजी साहेबांची, गोलंदाजी नोकराची, अशी ती सरळ विभागणी होती.

हिंदू संघात प्रवेश मिळाला तो कसा?

पुण्यातल्या हिंदू क्रिकेटपटूंना गोऱ्यांना हरवायचे होते आणि ज्याच्या जोरावर ते जमेल असा गोलंदाज गोऱ्यांच्याच मैदानावर रूळ फिरवत होता. त्याला संघात घ्यायचे का, यावर वाद झाला. शेवटी जिंकण्याची इच्छा वरचढ ठरली आणि बाळू संघात आले. पण घेतले ते मैदानापुरतेच. चहापानाच्या वेळी बाकीचे खेळाडू पॅव्हेलियनमध्ये कपातून चहा घेत. बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचे पान वेगळे, जागा वेगळी.

यातली विसंगती त्या वेळी कोणाला खटकली नसेल असे नाही. क्रिकेटचा चेंडू चामड्याचा असतो. चांभाराच्या हातून सुटलेला तो चामड्याचा चेंडू यष्टिरक्षक झेलत होता, स्लिपमधले झेलत होते, अंगाला पुसून परत त्याच्याकडेच फेकत होते. विटाळ चेंडूला नव्हता, चहाच्या कपाला होता.

साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध हिंदू संघ जिंकला, तो बाळूंच्या गोलंदाजीवर. त्यांची फिरकी बोथट व्हावी म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर कित्येक दिवस रूळ फिरवून घेतला होता, तरीही. त्यानंतर पुण्यातल्या सत्कारात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंचे कौतुक केले आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत, अशा अर्थाचे खडे बोल संघाला सुनावले, अशी आठवण नोंदवली गेली आहे.

१९०६ चा सामना इतका गाजला का?

१८९६ मध्ये प्लेगची साथ आली आणि पालवणकर कुटुंब मुंबईला हलले. बाळू काही काळ लष्करात, नंतर बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरीला होते. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात त्यांना जागा मिळाली. इथेही आधी कुरबुर झाली, मग निकाल पाहून ती थांबली. धाकटा भाऊ शिवराम हाही उत्तम फलंदाज निघाला आणि दोघे एकत्र खेळू लागले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाला. हा जिमखाना भारतीयांना सदस्यत्व देत नव्हता. बंगालची फाळणी नुकतीच झालेली, स्वदेशीची चळवळ पेटलेली. अशा वातावरणात मैदानाभोवती हजारो माणसे जमली. हिंदूंच्या २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू संघ १०९ धावांनी जिंकला आणि दोन्ही डावांत मिळून आठ बळी बाळूंचे होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात, त्यांच्याच मैदानावर हरवले गेले होते. सुधारकी वृत्तपत्रांनी दुसरी गोष्टही टिपली. पालवणकर बंधू आता जिमखान्यात इतरांच्या पंक्तीला बसत होते. पुण्यातल्या मातीच्या भांड्यापासून इथवर यायला दहा-बारा वर्षे लागली.

इंग्लंडच्या दौऱ्यात काय घडले?

१९११ च्या अखिल भारतीय संघात सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुस्लीम आणि एक शीख होते. तो शीख म्हणजे कर्णधार, पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय १९. पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाचे ते वर्ष होते. महाराजांचा बराच वेळ मेजवान्या आणि दरबारी भेटीगाठींत गेला आणि थोडे सामने खेळून ते संघापासून दूर झाले. संघाने २३ पैकी १५ सामने गमावले.

या पडझडीत बाळू एकटे उभे राहिले. वय पस्तिशीचे, खांदा दुखावलेला, खेळपट्ट्या अनोळखी, हवा थंड. डावखुरी संथ फिरकी, टप्प्यावर हुकूम, वेगात बेमालूम फरक आणि चेंडू दोन्हीकडे वळवण्याची हातोटी या भांडवलावर त्यांनी प्रथम श्रेणी सामन्यांत सुमारे २० च्या सरासरीने ७५ बळी घेतले. इतर सामने धरले तर आकडा शंभराच्या पुढे जातो. लिस्टरशर आणि सॉमरसेट या काउंटी संघांना हरवता आले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. झेल सोडणारे क्षेत्ररक्षक नसते तर हा आकडा आणखी वाढला असता, असे त्या वेळच्या समीक्षकांचे मत होते.

मुंबईत परतल्यावर अस्पृश्य समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. मानपत्रामागे वीस वर्षांचा एक कॉलेज विद्यार्थी होता, असे सांगितले जाते. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. त्या पिढीतल्या अस्पृश्य तरुणांसमोर देशभर नाव झालेला आपला माणूस म्हणून बोट दाखवावे असे फार थोडे होते. बाळू त्यात पहिले.

मग कर्णधारपद का नाही?

१९१२ पासून मुस्लीम संघ आल्याने मुंबईची स्पर्धा चौरंगी झाली. हिंदू संघात बाळूंइतका अनुभवी कोणी नव्हता. एव्हाना विठ्ठल आणि गणपत हे आणखी दोन भाऊही संघात आले होते. तरी कर्णधार निवडताना नाव यायचे ते उच्चवर्णीय खेळाडूचे. एम. डी. पै यांना कर्णधार केले तेव्हा त्यांनी स्वतःच सत्कारात सांगून टाकले की हा मान माझ्यापेक्षा ज्येष्ठ असलेल्या बाळूंचा होता. पैंची ही दिलदारी नोंद घेण्यासारखी आहे. निवड समितीवर मात्र तिचा परिणाम झाला नाही.

हे निव्वळ जातीचे होते की पैसे घेऊन खेळणाऱ्याकडे पाहण्याच्या नजरेचाही त्यात भाग होता? इंग्लंडमध्ये हौशी ‘जंटलमन’ आणि पगारी ‘प्लेअर’ हा भेद १९६२ पर्यंत टिकला. पगारी खेळाडूंना कपडे बदलायची खोली वेगळी, कित्येक मैदानांवर फाटकही वेगळे. इंग्लंडने आधुनिक काळात पगारी खेळाडूला, लेन हटन यांना, कर्णधार केले ते १९५२ मध्ये. पण इंग्लंडचे उदाहरण इथे फार ताणता येत नाही. हिंदू संघातल्या इतरांपैकीही अनेक जण नोकरदारच होते. त्यांना कर्णधारपद वर्ज्य नव्हते.

अमेरिकेतल्या बेसबॉलशी तुलना अधिक जवळची ठरते. तिथे मेजर लीगची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन यांनी ती उघडली. पण संघाची सूत्रे कृष्णवर्णीयाकडे, आउटफिल्डर म्हणून गाजलेल्या फ्रँक रॉबिन्सन यांच्याकडे, यायला १९७५ उजाडले. मधली २८ वर्षे कृष्णवर्णीयांनी धावा करायच्या, सामने जिंकून द्यायचे, हुकूम मात्र दुसऱ्याने द्यायचा. खेळाडू म्हणून घेणे सोपे असते, कारण त्यात संघाचा फायदा असतो. कर्णधार केले की त्याचे ऐकावे लागते. हिंदू जिमखान्याची अडचण नेमकी तीच होती.

१९२० मध्ये हे प्रकरण उघड्यावर आले. त्याच वर्षाच्या जानेवारीत आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले होते आणि वर्षअखेरीस नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात अस्पृश्यता निवारणाची भाषा झाली. चौरंगीसाठी निवडताना समितीने बाळूंना वगळले आणि पै आजारी असल्याने दि. ब. देवधरांकडे नेतृत्व दिले. देवधर मोठे फलंदाज, पण विठ्ठल आणि शिवराम त्यांच्याहून ज्येष्ठ होते. दोघा भावांनी जाहीर निवेदन देऊन संघातून माघार घेतली. निवडीत गुणांऐवजी जात पाहिली गेली, हा त्यांचा आरोप होता. शहरात चर्चा झाली, पाठिंबाही मिळाला. अखेर तडजोड झाली. पै बरे होऊन परतले, भाऊ परत आले आणि बाळू उपकर्णधार झाले. पारशांविरुद्धच्या सामन्यात पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ संघाची सूत्रे बाळूंकडे राहिली. चाळिशी ओलांडलेल्या बाळूंच्या वाट्याला आलेले नेतृत्व ते एवढेच. त्यानंतर ते मोठ्या सामन्यांतून निवृत्त झाले.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवल्यावर प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले. भावाने उभा केलेला दावा विठ्ठलच्या नावावर वसूल झाला.

आंबेडकरांविरुद्ध ते का उभे राहिले?

बाळूंच्या आयुष्यातला सर्वांत अवघड भाग हा आहे. १९३२ मध्ये अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ हवेत की नकोत, यावर फळी पडली. आंबेडकर स्वतंत्र मतदारसंघांच्या बाजूने होते. बाळू मद्रासचे एम. सी. राजा यांच्यासोबत संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने गेले. २४ सप्टेंबरच्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. पुढे मुंबई महापालिकेची निवडणूक त्यांनी हिंदू महासभेच्या तिकिटावर लढवली आणि हरले.

१९३७ च्या मुंबई प्रांतिक विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांसमोर उभे केले. काँग्रेसचा हिशेब उघड होता. आंबेडकरांना अस्पृश्यांच्याच घरात आव्हान द्यायचे तर तेवढ्याच नावाचा माणूस हवा होता. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. २,०२० मतांचा फरक.

याकडे केवळ काँग्रेसने वापरून घेतलेला भाबडा खेळाडू म्हणून पाहणे बाळूंवर अन्यायाचे होईल. त्यांची राजकीय भूमिका त्यांच्या अनुभवातून आली होती. हिंदू संघात राहून, गुण दाखवून, भांडून, एकेक पंगत आणि एकेक पद मिळवत गेलेला हा माणूस होता. आत राहून बदल होतो, हे त्यांनी पाहिले होते. तो किती संथ होतो आणि किती अर्धवट राहतो, हे आंबेडकरांनी पाहिले होते. दोघेही एकाच मैदानाकडे पाहत होते. मतदारांनी आंबेडकरांच्या बाजूने कौल दिला.

नोंद किती उरली?

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी, असा बाळूंचा हिशेब लागतो. त्यातला पहिला सामना १९०५-०६ च्या हंगामातला, म्हणजे त्यांच्या तिशीच्या उंबरठ्यावरचा. ग्रेगला बाद करण्याची दुपारची ती सगळी षटके, साताऱ्याचा विजय, ऐन विशीतली गोलंदाजी यांतले काहीच या आकड्यांत नाही. घरातली हकिगत बऱ्याच अंशी कळते ती विठ्ठल पालवणकरांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘माझे क्रीडा-जीवन’ या मराठी आत्मचरित्रातून. इंग्रजी वाचकांपर्यंत बाळू ठळकपणे पोहोचले ते २००२ मध्ये, रामचंद्र गुहा यांच्या भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासामुळे.

बाळू पालवणकरांचे ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत निधन झाले. सांताक्रूझला झालेल्या अंत्ययात्रेत क्रिकेटपटू होते आणि संसद सदस्यही होते.